दोन नंबरची टाकी

३ मार्च
फय्यूमला पोचले! मन्सुरा शहरातल्या प्रयोगशाळेत सात वर्षं बाटल्यांत गाळ कुजवला. आता खऱ्या टाक्या माझ्या हाती. सांडपाण्याच्या गाळातून इथं मिथेन काढतात, त्यावर सगळ्या केंद्राची वीज चालते. संचालक रिफअत बे म्हणाले, सध्या दिवसाला अठराशे घनमीटर निघतो, एकतीसशे काढून दाखवा. दोन नंबरच्या टाकीनं पूर्वी तेवढा दिलाय. टाक्या सांभाळणारे बिशोईकाका लगेच आवडले. तामियाची गरम भजी पुढे करत म्हणाले, "खाऊन घ्या इंजिनियरबाई. आठवड्यात नाक मरतं, मग चवही जाते."

११ मार्च
नुसत्या गाळात दम नाही. कत्तलखान्यातली चरबी दोन नंबरमध्ये थोडी थोडी मिसळायला घेतली. तापमान सदतीस अंश, ढवळणी चालू. काका कुरकुरले, "आमचा ईस्टरआधीचा उपास आणि ह्याची मेजवानी! चटक लावू नका त्याला." मी हसले.

२४ मार्च
सव्वीसशे! रिफअत बेंनी बसबूसा मिठाईचा डबा पाठवला. काकांनी तुकडाही घेतला नाही. उपासच तो, पण माझ्या नजरेला नजरही देईनात.

२ एप्रिल
कत्तलखाना चार दिवस बंद. चरबी नाही, तरी गॅस चढतोय. आत घातलं त्याहून जास्त बाहेर येतंय. असं होऊच शकत नाही.
काकांना खोदून विचारलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या जागेवरचे इंजिनियर वजदी दोन नंबरच्या झाकणातून आत पडले. टाकी तळापर्यंत उपसली, हाडसुद्धा मिळालं नाही. जुनी नोंदवही काढली. एकतीसशेचा आकडा त्याच आठवड्याचा आहे. म्हणजे रिफअत बेंना हे ठाऊक होतं.

५ एप्रिल
टाकी कायमची बंद करायचं ठरवलं. काका म्हणाले, तुम्ही वर चढू नका, मीच बघून येतो. भर दुपार होती. परतले नाहीत. शिडीच्या टोकाला त्यांच्या चपला. झाकण बंद, बोल्ट बाहेरून आवळलेले, मला हलेनात.
माझ्या खोलीतल्या गॅस मीटरचा काटा एकतीसशेच्या पुढे.
रिफअत बेंचा फोन, अभिनंदन करायला. काका आत आहेत, मी किंचाळले. ते म्हणाले, आता काही बदलू नका.

६ एप्रिल
पंप बंद केला. ढवळणी बंद केली. तरी आत काहीतरी ढवळतंय— पोलीस उद्या येतो म्हणाले.

७ एप्रिल
काकांची बायको तिरीझ आली. टाकीतून ते हाक मारतायत म्हणते. मला नाही— नाही, येतेय ऐकू. आवाज काकांचाच, पण बोलायला नुकतंच शिकल्यासारखा—
तिला धरून खोलीत आणलं. निसटली. जाताना तिनं बाहेरून कडी घातली. दार हलत नाही, फोन लागत नाही. खिडकीतून दिसतेय, शिडी चढतेय. वर एकेक बोल्ट आपोआप—
ओरडले. वळून हसली.
अजून निम्म्या शिडीवर आहे ती. अजून निम्म्याच. आणि काटा आत्तापासूनच चढायला—