जावळ काढल्यावरचं रगत

१२ जाने. ५८, रविवार
आज नातवाचं जावळ काढलं. मिलिंदचं. आंगणात, माह्या मांडीवर, माह्याच वस्तऱ्यानं. गावचा न्हावी आपल्या लोकाइच्या डोक्याले हात लावत नाई, त्याच्या बापानंही लावला नाई. म्हनून घरातल्या सगळ्याइचे केस मीच काढतो.
माही बुढी तोंड पाडून बसली. म्हने, जावळ मरीमायच्या पायाशी काढाचं असते, पोर होयाच्या आंधीच मी तिले नवस बोलली होती. म्हनलं, मरीमाय गेली नाल्यात. नागपूरले बुद्धाची दीक्षा घेऊन आलो त्याच हप्त्यात मी सोता पान्यात शिरवली. आता नाल्यात उभं राहून काढू का?
तिनं भांडे आपटले. आपटू दे.
पोरगं एकदा हललं. कानामागं लागलं जरासं, तिळाएवढं. हळद दाबली. झालं.

१३ जाने.
सकाळीच कौसल्या, सून, उशी घेऊन आली. उशीवर रगत. तळव्याएवढं.
"मामाजी, हे पाहा जी."
"ढेकून चिरडला असन."
"ढेकनाचं एवढं राह्यते का जी?"
पोराले उजेडात घेऊन पायलं. कानामागं खपली, कोरडी ठाक. नाकात काही नाई. कानात नाई. तोंडात बोट घातलं तं चावलं. दात येऊन राह्यले, त्याचंच असन. पोरगं हासून राह्यलं. हासत्या पोराले काय धाड भरली? कामाले लागा म्हनलं.

१४ जाने.
संक्रांत. दीक्षेपासून आपल्याकडं नाई. बुढीनं तरी तीळ भाजले, वासानं समजलं.
उशीवर पुन्हा. कालच्याहून जास्त. अन् गुडघ्यावर, ढुंगनावर काळे निळे डाग. चालाले शिकून राह्यला, दिसभर पडते, डाग पडनारच.
कौसल्या चुलीपाशी हळूच म्हने, "मामाजी, माह्या भावाचंही असंच झालतं. माय म्हने मरीमायनं त्याले..."
"चूप." म्हनलं, या घरात ते नाव नाई पाह्यजे. शिकलेली पोरगी म्हनून केली, तिसरी पास. अन् हे बोलते.
ती भाकर थापाले लागली.

१५ जाने.
रातभर मीच बसलो. बायाइले हटवलं, त्याइचं पायनं म्हनजे रडनं. कंदील उशाशी. अर्ध्या रातीनंतर दिसलं कुठून येते ते. त्याच तिळातून. खपलीच्या खालून, हळूच. धार नाई, जोर नाई. फकस्त थांबत नाई.
तुरटी लावली. चिंधी जाळून राख भरली. अंगठा दाबून धरला, हात सुन्न होयेपर्यंत. अंगठा काढला की पुन्हा.
जलमभर वस्तरा चालवला. लोकाइले कापलं, सोताले कापलं. असं नाई पायलं.
पोरगं पांढरं दिसून राह्यलं. का कंदिलानं?
बुढी मागच्या दारी दिवा लावून नाल्याकडं तोंड करून बसलेली. फुंकला दिवा.
म्हने, "तुमचा राग तिच्यावर हाय का पोरावर?"
उजाडलं की बैलबंडी जुपाची.

१६ जाने. पांढरकवडा.
दवाखान्यात. काशिनाथ, पोराचा बाप, जिनिंगमधून तसाच आला, केसात कापूस.
डॉक्टरनं पट्टी आवळली. डाग पायले, बोटानं दाबू दाबू. मंग इचारते, "आईच्या माहेरी कुणाचं असं रक्त जायचं का?"
मीच म्हनलं, नाई साहेब. आमी तसलं काही मानत नाई.
"मानण्याचं नाही विचारत बाबा. रक्ताचं विचारतोय."
कौसल्यानं पदर पुढं ओढला. माह्याकडं पायत उभी. काशिनाथ मले म्हने, "बा, तिले बोलू तं द्या." म्हनलं, सांग व. म्यां कुठं तोंड बांधलं तुवं?
बांधलं होतंच.
मंग सांगतलं तिनं. भाऊ, दोन वर्साचा. पडला, जीभ चावली. तेवढंच. तोंडातून थेंब थेंब जात राह्यलं, अन् गेला. तिच्या मायचा भाऊही, दाढ उपटल्यावर. बायाइले कोनालेच नाई. डॉक्टर लिहून घेत होता. मंग थांबला, तिच्या पोटाकडं पायलं. "कितवा महिना?"
"पाचवा."
ते नाई लिवलं त्यानं. म्हने, रक्त गोठायचं जे असतं ते या पोरात कमी असावं. नक्की नागपूरलाच कळेल. अन् तिथं तरी औषध हाय का म्हनलं. म्हने, जपावं लागेल. पडू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही.
चालाले शिकनारं पोर. पडू द्याचं नाई म्हने.

१७ जाने.
पट्टीतून जरासं आलं. दूध पेलं पोरगं. हासलं नाई.
बुढी गावावरून आली, मोटरनं, एकटी. पोराच्या पायाशी बसली अन् सुरू झाली, मरीमायचं जावळ, मायचं जावळ. कौसल्याच बोलली मंग. "आत्याबाई, माह्या भावाचं जावळ मरीमायपाशीच काढलं होतं जी. बकरूही देल्लं होतं."
बुढीनं गोधडी पोराच्या पायावर ओढली. मले जितल्यासारखं वाटलं नाई.
तिनं हे संक्रांतीलेच सांगतलं असतं. अर्ध्यात तोडलं म्यां. दोन राती गेल्या त्याच्यात. हे लिवलं, बस.
काशिनाथ म्हने वस्तरा फेकून द्या. वस्तऱ्याचं काय चुकलं? घरातले केस कोन काढन मंग?

१८ जाने.
उद्या सकाळच्या मोटरनं नागपूर. डॉक्टरनं चिठ्ठी देल्ली. पोराले कोन घेईन यावर भांडन. मी घेतो म्हनलं. मोटर हिसडे मारते, पायाखाली गोधडी पाह्यजे, बाजूचा दांडा चिंधीनं गुंडाळा लागन.
संध्याकाळी वऱ्हांड्यात कौसल्या पोटावर हात ठेवून बसलेली. म्हने, "मामाजी, हे पोटातलं पोरगंच निंगालं तं?"
दुसरं कोनी असतं तं म्हनलं असतं, आंधीच कायले रडतं. तोंडाशी आलतं. गिळलं.
"पोरगी झाली तं वाचन ना जी?" पुन्हा इचारलं तिनं. म्हनलं, नागपूरच्या डॉक्टरले इचारू. तूच इचार. मी मधी बोलत नाई.
आता मिलिंद निजला माह्या कुशीत. पट्टीले बोट लावून पायलं. वली लागते. घामाची हाय का कायची, या उजेडात समजून नाई राह्यलं. कौसल्याले उठवू का? उठवतो. तिले पाहू दे.