तरतूद केलेली आहे

३ सप्टेंबर
ठरलं म्हणजे ठरलं. महिनाअखेर नोकरीला रामराम. खोक्यांच्या कारखान्यात हिशेब लिहून लिहून मान कायमची डावीकडे झुकली. आता मेव्हणीच्या गावी दोन खोल्या, सकाळी फिरणं, दुपारी झोप. खोल्यांचं डिपॉझिट हिने देऊनही टाकलं. बाकी सगळं माझ्या ग्रॅच्युइटीतून. काळजी नाही. साऱ्या स्टाफच्या ग्रॅच्युइटीची तरतूद दरवर्षी मीच पुस्तकात लिहितो.

मालक एकदा त्यासाठी वेगळा फंड काढायचा म्हणत होते. मीच त्यांना वेड्यात काढलं (आदराने). पैसे बाहेर कशाला पाठवायचे? तरतूद लिहायची, तेवढी रक्कम नफ्यातून वजा, टॅक्स कमी आणि पैसा आपल्याच धंद्यात. मालक खूश. माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही म्हणाले.

८ सप्टेंबर
राजीनामा खिशात. केबिनच्या दारापर्यंत गेलो. कागदाची रिळं भिजून आली म्हणून मालक ट्रकवाल्यावर तापले होते. परत फिरलो. भीती नव्हे, टायमिंग.

९ सप्टेंबर
राजीनामा शर्टासकट धुतला गेला. नवा लिहिला. भाषा जास्तच बाणेदार झाली.

१२ सप्टेंबर, दुपारी
टॅक्स ऑफिसचं पत्र. ग्रॅच्युइटीची वजावट नामंजूर, मागच्या वर्षांचीसुद्धा. ऑडिटरबाई म्हणाल्या, नुसत्या तरतुदीला वजावट नसते. पैसे मान्यताप्राप्त फंडात भरावे लागतात, नाहीतर त्या वर्षी कुणाची तरी ग्रॅच्युइटी खरोखर देय झालेली असावी लागते. मी त्यांना समजावलं. त्यांनी कलम काढून दाखवलं. वाचलं. कायदा घाईत लिहिलेला दिसतो.

राजीनामा चार दिवस पुढे. संकटात सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.

१३ सप्टेंबर
उत्तराचा मसुदा. आठ पानं. वाचताना माझाच ऊर भरून आला. हिला वाचून दाखवला. तिने विचारलं, सामान कधी बांधायचं.

१९ सप्टेंबर
टॅक्स ऑफिसात सुनावणी. तिथल्या साहेबांनी पहिलं पान अर्धं वाचलं आणि विचारलं, हे पैसे आहेत कुठे? मी म्हणालो, धंद्यात. धंद्यात कुठे? मी खरं तेच सांगितलं, नव्या कटिंग मशीनमध्ये. साहेबांनी लिहून घेतलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. येताना मालक पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. एसी मात्र छान होता.

२३ सप्टेंबर, पहाटे
सुचलं! ग्रॅच्युइटी खरोखर देय झाली की वजावट मिळते ना? मग मी राजीनामा देतो. माझी ग्रॅच्युइटी देय झाली, कंपनीला वजावट, मला पैसे. एका दगडात दोन पक्षी. मालक गळ्यात पडतील.

२३ सप्टेंबर, संध्याकाळी
गळ्यात पडले नाहीत. बसा म्हणाले. राजीनामा दोनदा वाचला. म्हणाले, वजावट मिळेल हो, पण द्यायला पैसे कुठले? होतं नव्हतं ते टॅक्स, व्याज आणि दंडात जाणार. उरलं तर मशीन आहे, विकत घेणारा आणा. मी हक्काची भाषा केली. ते शांतपणे म्हणाले, कोर्टात जा, तुमचा हक्कच आहे, पण फंड काढू नका हा सल्ला कुणी दिला ते तिथे तुम्हालाच सांगावं लागेल.

मग फंडाचं बोलणं निघालं. आता रीतसर फंड काढायचा, दरवर्षी हप्ता भरायचा. तो भरत येईपर्यंत मी थांबायचं. ट्रस्टी म्हणून सहीसुद्धा माझीच. राजीनामा त्यांनी घडी घालून माझ्या खिशात ठेवला. कोंडीत सापडलो असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, बढती.

२४ सप्टेंबर
सही केली. हिला सांगितलं, ट्रस्टी झालो. तिने विचारलं, किती वर्षं? मी म्हणालो, सात-आठ, फार तर. ती भांडली नाही. भांडायला हवी होती.

३० सप्टेंबर
सकाळच्या बसने ही गेली. खोल्या घेतल्यात तर कुणीतरी राहायला हवं म्हणाली. बॅग मी चढवून दिली. म्हणालो, मी येतोच मागून. तिने मान डोलावली. तारीख विचारली नाही.