टोग तलावावरची होडी

प्रिय एव्हरेट,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. विमानांना तलाव बंद करा म्हणणाऱ्या अर्जावर तुझी सही बघितल्यापासून तुला काय काय बोललेय, ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतींना विचार. दुसरं कोणी ऐकायला नसतंच म्हणा. चौदा महिने तू बोलत नाहीस, आणि सत्तरीच्या बाईला नवे मित्र मिळत नाहीत.

शनिवारी सकाळी दहा वाजता गावसभेत मतदान आहे. टोग तलावावर आम्ही उतरायचं की नाही, ते गाव ठरवणार. पाण्यावर उतरणारे वैमानिक या भागात सगळे मिळून सहा उरलोय, आणि बाजू मांडायला मला पुढे केलंय. अर्ज करणाऱ्या तुमच्या समितीची प्रॅटबाई परवा दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं लोर्ना, तलाव काय तुझ्या बापाचा आहे?" मी म्हटलं, "नाही बाई. तुझ्या बापाचाही नाही. सगळ्यांचा आहे, तेच तर म्हणतेय. तुझ्या जावयाची मोटरबोट दिवसभर बोंबलते ती चालते, आणि माझं दोन मिनिटांचं उतरणं खुपतं होय?" दुकान हसलं. घरी येऊन एकटीपुरते बीन्स गरम केले, आणि ते तसेच राहिले.

पुरावा म्हणून जुन्या नोंदवह्या काढल्या. तारीख, वारा, पाणी, आणि कितीतरी ओळींपुढे माझ्याच अक्षरात, 'ए. होडी'. वाचतच बसले. वारा पडलेल्या सकाळी तलाव इतका गुळगुळीत होतो की वरून पाणी कुठे आहे तेच कळत नाही. वाटतं अजून बरंच खाली असेल, आणि ते पायाशी आलेलं असतं. अशा सकाळी माझ्या इंजिनाचा आवाज आला की तू पायजम्यावरच होडी काढायचास आणि धक्क्यासमोर फेऱ्या मारून पाणी ढवळून ठेवायचास. त्या लाटांवरून मला उंची कळायची. उतरले की ओरडायचास, "या राणीसरकार, गालिचा घातलाय!" मी डोनट आणायची, कॉफी तुझी. तुम्ही लग्न का नाही केलंत असं कोणी विचारलं की तू सांगायचास, हिला स्वयंपाक येत नाही. एकदा तरी दुसरं काही सांगशील असं मला वाटायचं.

मग गेल्या वर्षीचा जुलै. तू म्हणालास, "लोर्ना, डोळे तपासून घे. परवा होडीच्या अगदी डोक्यावरून गेलीस, मी तुला दिसलोच नाही." किती चिडले मी! तुझ्या होडीवाचून माझं काही अडत नाही, म्हणाले. तू माझा शब्द खरा धरलास. पुढच्या शांत सकाळी धक्क्यावर नुसता उभा राहिलास. अशा पाण्यावर किनाऱ्याजवळून, झाडांवरून उंचीचा अंदाज घेत उतरायचं, हे मीच आजवर सगळ्यांना शिकवत आले. पण तुला दाखवायचं होतं ना, म्हणून तलावाच्या मधोमध उतरायला गेले. विमान आपटून उलटलं. तूच वल्हवत आलास, तूच मला ओढून काढलंस, आणि अंगावर ब्लँकेट टाकलंस. चौकशीला आलेल्या माणसाला मी सांगितलं, पाण्यात ओंडका होता. तू शेजारीच उभा होतास. ओंडका नव्हता हे तुला ठाऊक होतं. तेव्हापासून तुझं बोलणं बंद झालं.

आता समिती तोच ओंडका घेऊन बसलीय. पाण्याखाली काय असेल सांगता येत नाही, म्हणून विमानं नकोत. माझ्या थापेवर त्यांचा सगळा अर्ज उभा आहे.

मला वाटलं, तू सूड म्हणून सही केलीस. पण मंगळवारी आमच्या सहाजणांतला मिशॉ टोगवर उतरून आला आणि म्हणाला, "पाणी शांत असलं की तिथे एक म्हातारा होडी घेऊन गोल गोल फिरतो आणि वर बघून शिव्या देतो. वेडा आहे का गं तो?" मी तोंड फिरवलं, आणि मग खूप रडले. एकीकडे सही करतोस आणि दुसरीकडे पाणीही ढवळतोस! तुझं विमानांशी वैर नाही, एव्हरेट. मला पुन्हा त्या पाण्यातून ओढून काढायची वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढंच तुला हवंय. हे कळायला मला चौदा महिने लागले.

शनिवारी मी खरं सांगणार आहे. ओंडका नव्हता. डोळे अधू झाले होते, आणि मानायची तयारी नव्हती. चूक माझी, तलावाची नाही. परवाना जाईल, जाऊ दे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही आता उडू नका असंच सांगितलंय. बाकीच्या पाचजणांना तलाव मिळाला तरी पुष्कळ झालं. मत तू तुझ्या मनाने दे. पण हे तुला भरसभेत, प्रॅटबाईच्या शेजारी बसून कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि सभेआधी, सातच्या सुमारास, मी तुझ्याकडे येतेय. डोनट आणते. त्या वेळी वारा पडलेला असेल, इंजिनाचा आवाज येईल, तुला राहवणार नाही. पण होडी काढू नकोस. मी गाडीने, रस्त्याने येतेय.

तुझीच, इतकी वर्षं न सांगता,
लोर्ना