चुलीजवळची जागा

माय,

आज एरंडोलकडच्या एका गावात एका बाईनं मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. बाहेर केळीच्या बागा मागे मागे सरकत होत्या, डोळे मिटत होते, उघडत होते, आणि मनातल्या मनात त्या बाईशी बोलता बोलता मी कधी तुझ्याशी बोलायला लागले ते कळलंच नाही. म्हणून घरी आल्या आल्या कागद घेतला. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही.

आधी माझं काम सांगते, म्हणजे तुला हसून घेता येईल. जळगावच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यासाठी मी घरोघर जाते, ज्या पोरांना दमा आहे त्यांच्या घरी. औषध डॉक्टर देतात, पण पोर राहतं घरात, म्हणून मी घर बघते. ते कुठं झोपतं, गोधडीला ऊन कधी दाखवलं, देवापुढे उदबत्त्या किती लागतात, भिंतीला ओल आहे का. मग पंप कसा घ्यायचा ते शिकवते. त्याला प्लॅस्टिकचं नळकांडं लावायचं, श्वास सावकाश आत घ्यायचा, थोडा धरून ठेवायचा, आणि रोजचा पंप झाला की चूळ भरायची. रोजचा पंप कुठला आणि दम लागल्यावरचा कुठला याची चित्रं भिंतीवर चिकटवून येते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लोकेसना घरमा डोकायनं, हाई बी काम शे का?" हेच काम आहे माय, आणि मी ते बरं करते असा माझा समज होता.

त्या बाईच्या घरात मी पहिल्यांदा गेले ते थंडीच्या सुरुवातीला, सकाळी आठच्या सुमारास. घरात गॅस आहे, पण कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांची गंजी रचलेली. कापूस निघाला की या वाळक्या काड्या कुणी फुकट घालवत नाही. मी वाकून स्वयंपाकघरात गेले आणि उंबऱ्यातच थांबले. चुलीच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून, पाटावर सात वर्षांची पोर बसलेली. अंगाभोवती आईची जुनी साडी गुंडाळलेली. डोळे अर्धे मिटलेले, गालावर जाळाचा उजेड, आणि आई एका हातानं भाकरी थापत दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. मी त्या घरात आहे की आपल्या, क्षणभर मला समजेना.

आपलं घर पाचोऱ्याच्या बाजूला, तू माहेरची धुळ्याकडची. मला दम लागायला लागला तेव्हा मी पाच वर्षांची असेन. हिवाळ्यात पहाटे छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज यायचा. तू उठायचीस, चूल पेटवायचीस आणि मला गोधडीसकट उचलून आणायचीस. "ये माय, ऊबमा बस." तुझं लुगडं, तुझा गुडघा, पऱ्हाट्यांचा तडतडाट. पत्र्याखाली धूर तरंगतो आहे, उजाडताच त्यातून कवडशांच्या काठ्या तिरप्या उतरल्या आहेत, आणि मी त्या काठ्या मोजते आहे. वडिलांना, आपल्या भाऊंना, उठायला अजून वेळ आहे. तू बोलत नाहीस, नुसती थापतेस. भाकरीचा पहिला पापुद्रा मला मिळतो. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी सुरक्षित जागा मला पुन्हा सापडली नाही, नवऱ्याच्या घरी नाही आणि स्वतःच्या घरीही नाही.

आणि केळी. दारापासून नदीपर्यंत केळीच केळी, आणि मला एक खायला मिळायचं नाही. "केळं थंड शे, छाती भराई जाई." पाहुण्यांना फणीच्या फणी द्यायचीस आणि मी बघत बसायचे. एकदाच, मी तापातून उठले तेव्हा, तू एक केळं सालीसकट चुलीच्या गरम राखेत पुरलंस. साल काळी पडल्यावर बाहेर काढलंस, फुंकर मारून सोललंस आणि म्हणालीस, आता त्याची थंडी गेली. तसलं गोड मी नंतर काही खाल्लं नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते फार हसले, आणि मला त्यांचा राग आला.

तर त्या पोरीच्या घरी मी माझं सगळं बोलले. गोधडी, उदबत्ती, पंप. पंपाची सवय लागत नाही हेही समजावलं. पोरीच्या आजीनं केळ्याचं काढलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "अक्का, खाऊ द्या हिला केळी. केळ्यानं दमा होत नाही." पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला सगळी बागच देऊन टाकली. आणि चुलीचं मी बोललेच नाही. बोलायचं होतं, तेच तर सगळ्यात आधी बोलायचं असतं. आमच्या कागदावर पहिला रकाना धुराचाच आहे. पण त्या पाटावरून तिला उठवायला माझी जीभ रेटेना. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. गोड तेवढं बोलून, चहा पिऊन, पाठीवर कौतुकाची थाप घेऊन मी निघून आले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या शेतात भरिताचा बेत झाला. तुला वेगळं सांगायला नको, पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा, त्यात हिरवी वांगी टाकायची, आणि सगळे भाऊबंद भोवती. थंडी बोचरी होती म्हणून आईनं पोरीला शालीत गुंडाळून आगीजवळ बसवलं, वारा लागणार नाही अशा बाजूला. पोरीनं त्या दिवशी केळं खाल्लं होतं, उघड उघड, सगळ्यांसमोर. ऊन कलेपर्यंत तिचे ओठ निळसर पडले. दम लागल्यावरचा पंप घरी राहिला होता. मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून तिला दवाखान्यात आणलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. चार दिवस ती तिथं होती. पहिले दोन दिवस डॉक्टर माझ्याशी काही बोलले नाहीत आणि मीही विचारायला धजले नाही. पोर जगली. हे वाक्य मी इतक्या सहज लिहिते आहे, पण ते दोन दिवस मी अन्नाला शिवले नव्हते.

आज पुन्हा गेले. आजी दारातच आडवी, आता कशाला आलात म्हणून. "तुम्हीनच सांगं ना, केळं चालस म्हनीसन. आते काय लेवाले उन्यात?" तिचं काय चुकलं? तिच्या डोळ्यांसमोर केळं होतं, आणि धूर तर जन्मापासून घरातलाच. मी म्हणाले, "अक्का, मला आत येऊ द्या. माझी एक गोष्ट सांगायची राहिली, तिची माफी मागायला आले." बहुतेक माफी या शब्दानं ती गडबडली आणि बाजूला झाली.

आत चूल पेटलेली, पोर त्याच जागी, आधीपेक्षा जास्त गुंडाळलेली. मी खाली बसले आणि या वेळी सगळं सरळ सांगितलं. केळ्यानं नाही, धुरानं झालं. त्या दिवशीचं पऱ्हाट्यांच्या धुरानं, आणि रोजचं थोडं थोडं इथल्या. ऊब हवी तर सकाळच्या उन्हात ओट्यावर बसवा, स्वेटर घाला, पण इथं नको. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. त्या बाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"मंग हाई मीच करं का, ताई?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण एकदा गोड बोलून झालं होतं. मी म्हणाले, "तुम्ही मायेनं बसवत होता. धूर काय करतो ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही." ती रडली, आवाज न करता, पदर न लावता. मग उठली, पोरीला पाटासकट उचलून ओट्यावर उन्हात ठेवून आली, परत चुलीपुढे बसली, फुंकणीनं जाळ नीट केला आणि खोकली. चांगला खोल, ओळखीचा खोकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पोरले वट्टावर बसाडसू. पन मी कोठे बसू?"

माय, आमच्या कागदावर त्याला रकाना नाही. भाकरी गॅसवर टाका, खिडकी उघडा, धुराडं बसवून घ्या, असं मी काहीबाही बोलले. ती मान हलवत राहिली. ते उत्तर नव्हतं, तिला कळत होतं आणि मलाही.

तू हे कधी विचारलं नाहीस. मी नर्सिंग शिकायला धुळ्याला गेले आणि वसतिगृहात माझा दम जवळजवळ नाहीसा झाला. तू गावभर सांगितलंस, "धुयानं पानी मानवनं पोरले." दिवाळीला घरी आले, दोन दिवस तुझ्याजवळ बसले आणि छाती पुन्हा वाजायला लागली. त्याच वर्षी आम्हाला धुराचा धडा होता. मी शेवटच्या बाकावर बसून तो ऐकला आणि मला सगळं समजलं, माझंही आणि तुझ्या खोकल्याचंही. त्यानंतर तू बारा हिवाळे त्या चुलीपुढे बसलीस. भाऊंनी आणलेली गॅसची शेगडी तू फडक्याखाली झाकून ठेवलीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू माझ्याकडे बोट दाखवून सांगायचीस, "मीच तिले वाचाडं, चुलीजोडे बसाडी बसाडी," आणि मी शेजारी बसून हसायचे. तुझं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला पढवलं. खरं तर ती जागा मला मोडायची नव्हती. शेवटच्या वर्षी तुला चार पावलं चालवत नव्हतं, उशांना टेकून बसायचीस, आणि तेव्हाही मी डॉक्टरांना म्हणाले, वय झालंय तिचं. छप्पन्न होतं तुझं वय. मी आता त्यापासून फार लांब नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिथं पुन्हा जाणार आहे. पोरीसाठी नाही, तिच्या आईची छाती तपासून घ्यायची आहे. यायला तयार झाली तर तिला स्वतः घेऊन येईन.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, तुझ्या पायाशी बसून. आणि इतकं सगळं झाल्यावरही सांगते, माय, धुराचा भाग आला असता तिथं मी तुझ्याकडे एकदा बघितलं असतं आणि तेवढं गाळून पुढचं वाचलं असतं.