प्रेसवरची जाळी

प्रिय छोट्या,

आईने तुझा पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवलाय. दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवते. तू त्यात जशी कुदळ धरली आहेस, तशी धरून कुणी आजवर वीतभरही खड्डा खणला नसेल, पण ते जाऊ दे. सूतगिरणी बंद पडल्यावर या गावात कुणी नवं काही उभारेल असं वाटलं नव्हतं. आता मालधक्क्यापलीकडे पाया खणला जातोय. तुझे भावोजी रोज दाढी करून बाहेर पडतात, कारण नव्या कंपनीत त्यांचा अर्ज गेलाय. हे सगळं तुझ्यामुळे. नगराध्यक्ष झाल्यापासून त्यासाठी तू किती उंबरे झिजवलेस, ते मी पाहिलंय.

त्या कंपनीचे पाहुणे आले त्या आठवड्यात आमच्या पंपाच्या कारखान्यात काय झालं, ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलंच नाहीस. नवी कंपनी सुटे भाग आमच्याकडून करून घेणार होती, म्हणून त्यांना आमच्या कामाचा वेग बघायचा होता. अशात मोठ्या प्रेसची जाळी काढली गेली. ती असली की हात बाहेर आल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, आणि तेवढा वेळ मोडतो. युनियनची सेक्रेटरी म्हणून मी सांगितलं, जाळीशिवाय आमचं कुणी तिथे उभं राहणार नाही. ज्यांची मुलं घरी बसून आहेत, त्यांनीही माना डोलावल्या. मग मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून कपबशीत चहा दिला. एरवी आम्हाला पाणीही विचारत नाहीत, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते कळलंच. कंपनी परत गेली तर अख्खा गाव तुम्हाला शिव्या देईल, म्हणाला. देऊ दे म्हटलं. आणि चहा तसाच ठेवून जिना उतरले.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मी तुलाही नाहीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर प्रेसवर रंगाऱ्याची सून उभी. ती कंत्राटावरची, आमच्या युनियनमध्ये नाही. पॅकिंगमधून उचलून तिला तिथे आणलं होतं. मी जवळ गेले तर खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणालेत." मी प्रेस बंद करायच्या बटणाकडे वळले, तर फोरमन आडवा उभा राहिला. तेवढ्यात तू पाहुण्यांना घेऊन आत आलास. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या मशीनला जाळी नाही. मॅनेजर हसला, या आमच्या युनियनच्या बाई, म्हणाला. पाहुणेही हसले. तू माझ्याकडे पाहिलंस, प्रेसकडे पाहिलंस, आणि त्यांना रंगकामाच्या विभागाकडे घेऊन गेलास. मागे वळला नाहीस.

तुम्ही जेवायला बसला असाल, तेव्हा तिची दोन बोटं गेली. मी तिचा हात माझ्या ओढणीत गुंडाळून धरला होता. ती रडली नाही, फक्त विचारत होती की पाहुणे गेले का. संध्याकाळी तुमच्या करारावर सह्या झाल्या.

आता मॅनेजरने लिहून दिलंय की जास्त काम दाखवायच्या नादात तिनेच जाळी काढली. म्हणजे तिला भरपाई नाही आणि कामही नाही. फोरमन माझी नजर चुकवतो. प्रेसला मी नाही म्हटलं तेव्हा ज्यांनी माना डोलावल्या, तेच आता म्हणतात, झालं ते वाईट झालं, पण प्रकरण चिघळलं तर कंपनी गाशा गुंडाळेल. वाणी सामान देताना मान वर करत नाही. तुझे भावोजी आजकाल माझ्या आधी जेवून घेतात.

उद्या कामगार अधिकारी चौकशीला बसणार आहेत. जाळी कुणी काढली, हे मला विचारतील. त्या संध्याकाळी फोनवर तू म्हणालास, "ताई, जाळी काढायला मीच सांगितलंय. पाहुणे जाईपर्यंत सांभाळून घे." हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. तू वाईट मनाने म्हणाला नव्हतास, तुझ्या डोळ्यांपुढे गाव होतं, हे मी शपथेवर सांगेन. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण हे वाक्य मी गिळलं तर ती बाई खोटी ठरते, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. माझी साक्ष दुपारी आहे. सकाळी तू येऊन स्वतः बोललास, तर मी फक्त 'हो, असंच झालं' एवढंच म्हणेन. नाही आलास, तर सगळं मला सांगावं लागेल. म्हणून हे पत्र आजच तुझ्या हातात देते आहे. काहीही झालं तरी उद्या संध्याकाळी घरी ये. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते एकटीने सांगायचा धीर मला होत नाही.

तुझीच,
ताई