बांडीची धार

५ मार्च, उदगीर

पुन्हा दूध नासलं! गवळी पाणी घालतो, तेही कुठल्या डबक्यातलं देव जाणे. छकुलीचे जुलाब थांबायचं नाव घेत नाहीत.

मागच्या घरची सरजाबाई आली. म्हणे, माझ्या बांडी शेळीची धार काढायला शिका आणि लेकराला दूध नेत जा. पैसे नकोत! फुकट कोण देतं या दुष्काळात? ह्यांची नोकरी तहसील कचेरीत. लातूर जिल्हा नवा, त्यात दुष्काळी कामावर नाव लावायला लोक दार सोडत नाहीत. हिलाही तेच हवं असणार.

८ मार्च

गेले. तिने आधी स्वतःचं जुनं लुगडं माझ्या साडीवरून गुंडाळलं. शेळीला परका वास आला की पान्हा चोरते म्हणे. खरंच शेळीसाठी, की माझ्यावर काही करायला? नांदेडची आई इथे असती तर आधी माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती. बांडीने लाथ मारली, तांब्या उपडा! सरजाबाई हसली नाही. पुन्हा बसवलं.

११ मार्च

ओढायचं नाही, वरून दाबत खाली यायचं. जमलं! छकुली घटाघटा प्यायली. किती दिवसांनी जीव थंड झाला माझा.

तेवढ्यात सरजाबाईने विचारलंच — "तुमची बदली तर न्हाई ना व्हनार लातूरला?"

आमच्या खोलीवर डोळा आहे तर! तिच्या धाकट्या दिरासाठी असेल.

१६ मार्च

हिला एवढी घाई कसली? बाभळीच्या शेंगा किती घालायच्या, पोट फुगलं तर काय करायचं, खूर कसे कापायचे — सगळं एका दमात. हळूहळू शिकेन की, म्हटलं तर लगेच पुढचं सांगायला लागली. मी धार काढताना ती मुद्दाम भिंतीआड उभी राहिली, बांडीला दिसणार नाही अशी. मी हाक मारली तरी ओ नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तुला सगळ्यांचाच संशय येतो. हो, येतो!

१७ मार्च

तिच्या बाकीच्या दोन शेळ्या दिसत नाहीत. विचारलं तर पदर तोंडाला लावून आत गेली. नाटकं!

१९ मार्च

बदलीचं पुन्हा विचारलं. मग मीही तोंडावर सांगून टाकलं — आम्ही इथून हलणार नाही, खोली सोडणार नाही आणि कचेरीतून कुणाचं काम करून देणार नाही. ती मग म्हणाली, "बरं झालं, बाई."

काय बरं झालं?

२० मार्च

उद्यापासून जायचं नाही. ठरलं!

२१ मार्च

उठून दार उघडलं तर बांडी आमच्या ओट्याला बांधलेली. सरजाबाईच्या घराला कुलूप. पहाटेच्या गाडीने सगळं घर हैदराबादला गेलं, बांधकामावर. परत कधी येणार कुणाला माहीत नाही.

शेळ्यांचा व्यापारी गुंडप्पा समोरून चालला होता. म्हणाला, "दोन मला इकल्या. हिलाबी मागितलो. तर म्हनली, ती माझी न्हाई, त्या लेकराची हाय."