टाकीनंतरचं पहिलं पीठ

अण्णा, तुमच्या पिठाच्या गिरणीची आठवण आज एका लॅपटॉपमुळे आली. लालबागच्या त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मला मात्र अजून तुमचं दळायच्या दगडाला टाकी लावणंच दिसतं. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड आणि गरम पडायचं. लोक म्हणायचे, नवा दगड घ्या. तुम्ही सोमवारी गिरणी बंद ठेवायचात, दगड उलटा करायचात, छिन्नी-हातोडीनं खाचा पुन्हा खोल करायचात आणि म्हणायचात, "अजून वर्षभर चालंल." टाकीनंतरचं पहिलं दळण मात्र घरचं, कारण त्यात दगडाची कच उतरते. एकदा रांग वाढलेली बघून मी शेजारच्या मावशींचे गहू आधी ओतले. तुम्ही मला काही बोलला नाहीत. मावशींना म्हणालात, "आमच्या हातून चूक झाली, पिठात कच गेली. ते राहू द्या, हे आमचं पीठ घेऊन जा." मग आठवडाभर आपण कचकचणाऱ्या चपात्या खाल्ल्या. आई म्हणाली, "आता माझ्या दातांनाच लावा टाकी!"

आमच्या मजल्यावरच्या मुलीकडे स्वस्तातला जुना लॅपटॉप आहे. त्याच्या सिस्टिमचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले आणि नवी सिस्टिम त्यावर चालत नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात टाका. पण नाव नोंदवलं तर कंपनी आणखी वर्षभर अपडेट देते. मी तिला तुमच्याच थाटात सांगितलं, "अजून वर्षभर चालेल." माझाही लॅपटॉप तसलाच, आधी त्यावर करून बघायला हवं होतं. पण पेपरातल्या नोकरीनं घाई अंगात मुरलेली. नोंदणीआधी लागणारं मोठं अपडेट मी थेट तिच्या लॅपटॉपवर लावलं. जागा अपुरी पडली आणि तो सुरूच होईना. "काका, उद्या अकराला नोकरीचा इंटरव्ह्यू आहे हो माझा, ऑनलाइन!" तिचा चेहरा उतरला. "माझा घेऊन जा," मी म्हणालो.

मुलाखत नीट झाली, पुढच्या फेरीचं बोलावणंही आलं. तिचा लॅपटॉप चालू व्हायला तीन दिवस लागले. फाइली शाबूत आहेत, वर्षाची नोंदणीही झाली. "नेमकं काय झालं होतं, काका?" तिनं विचारलं. "जुनं मशीन गं, व्हायचंच," मी म्हणालो. "तुम्ही होतात म्हणून वाचला," ती म्हणाली, आणि मी ते ऐकून घेतलं.

अण्णा, हे पत्र तिच्याच लॅपटॉपवर लिहितोय. तुम्हाला पाठवायची सोय नाही. लॅपटॉप उद्या परत द्यायचा आहे; पत्र न पुसता, उघडल्याबरोबर दिसेल असं समोरच ठेवतोय. तुम्ही मावशींना तोंडावर सांगितलंत. मला तेवढं अजून जमत नाही.